पिकअपची उलटी वंशावळ

मोर्शीच्या आसपास, वर्धा नदीच्या काठापासून सालबर्डीच्या डोंगरापर्यंतच्या गावांत, ट्रॅक्टर आणि जीप येण्याआधी बऱ्या स्थितीतल्या कास्तकाराच्या वाड्यात दोन गाड्या उभ्या असत. एक बंडी, दुसरी दमणी. बंडी जड आणि मालाची. तिच्यातून शेणखत शेतात जाई आणि कापूस बाजारात. दमणी हलकी, छताची, माणसांसाठी. तिच्यातून लेकी माहेरी येत आणि पाहुणे मुक्कामाला. ज्याला दोन्ही परवडत नसत, तो बंडीच धुऊन काढी, तिच्यात कुटार पसरून वर सतरंजी अंथरी, आणि महाशिवरात्रीला तीच बंडी घरादारासह सालबर्डीच्या यात्रेला निघे. माल आणि माणूस या दोघांसाठी दोन वाहने ठेवायची की एकाच वाहनाला दोन्ही कामे शिकवायची, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात मोटारीच्या कितीतरी आधीपासून आहे. मोटारींच्या जगात त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून एक देखणा प्रकार जन्माला आला. पुढून कार, मागून उघडा हौदा. ऑस्ट्रेलियात त्याला यूट म्हणतात, अमेरिकेत त्याची फोर्ड रँचेरो आणि शेवरले एल कॅमिनो ही नावे गाजली, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन आजही त्याच्यावर जीव टाकतात. हा शौक आपल्याकडे परका वाटतो. परदेशी मासिकांतली चित्रे पाहून जडलेला छंद, असे त्याच्याविषयी बोलले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. या प्रकाराची एक शाखा आपल्या मातीतही रुजली. मात्र इथे तिची वंशावळ उलटी निघाली: तिकडे कारपासून पिकअप झाली, महाराष्ट्रात पिकअपपासून कार झाली. हा उलटा क्रम नीट समजून घेतला, तर जुन्या यूटवर प्रेम करणाऱ्या माणसाला आपल्याच रस्त्यावरच्या एका गाडीकडे नव्याने पाहावे लागते.

मूळ गोष्ट 1930च्या दशकातली. जागतिक मंदीने ऑस्ट्रेलियाचा शेतकरी पिचला होता. व्हिक्टोरिया प्रांतातल्या गिप्सलँड या दुभत्या जनावरांच्या मुलखातून एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र पाठवले, असे सांगतात. मागणी साधी होती. रविवारी चर्चला जाताना पावसात भिजू नये आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजाराला नेता यावीत, अशी एकच गाडी द्या. दोन घेण्याची आमची ऐपत नाही. बँका शेतकऱ्याला मालवाहू गाडीसाठी कर्ज देत, कारसाठी देत नसत, असाही या कथेचा एक भाग आहे. जिलाँगच्या कारखान्यातला तरुण आरेखक लुईस बँट याच्याकडे हे काम आले. त्याने फोर्डच्या दोन आसनी बंद कारचा पुढचा भाग तसाच ठेवला आणि तिच्या बाजूचे पत्रे न तोडता मागे नेऊन त्यांचाच हौदा केला. साध्या ट्रकमध्ये केबिन वेगळी आणि पेटी वेगळी असते. इथे दोन्ही एका अंगाची झाली. 1934 मध्ये ही गाडी बाजारात आली. तिच्यात व्ही-एट इंजिन होते आणि ती सुमारे साडेपाचशे किलो भार उचलत असे. दोन गाड्या अमेरिकेत पाठवल्या गेल्या तेव्हा हेन्री फोर्डने तिला कांगारूंचा पाठलाग करणारी गाडी म्हटले, अशी आठवण सांगितली जाते. बँटचा शेवटही याच गाडीत झाला. 1987 मध्ये स्वतः पूर्ववत केलेली 1934ची यूट चालवत घरी परतताना अपघातात त्याचा मृत्यू झाला.

त्या पत्राची कथा घासून गुळगुळीत झाली आहे, तरी तिच्यातला एक मुद्दा सहसा सुटतो. त्या बाईने सुखसोय मागितली नव्हती, मान मागितला होता. चर्चच्या दारात ट्रकमधून उतरावे लागू नये, एवढीच तिची अट. बंडी धुऊन सतरंजी अंथरणाऱ्या वऱ्हाडातल्या घराचीही तीच अट असे. पुढे होल्डन कंपनीने जानेवारी 1951 मध्ये आपली यूट काढली आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण जीवनात ती नांगराइतकी रुळली. अमेरिकेत फोर्डची रँचेरो 1957 साली आली, शेवरलेची एल कॅमिनो 1959 साली. तिथे मात्र हेतू पालटला. गरजेपेक्षा रुबाब वरचढ ठरला, इंजिने मोठी होत गेली, हौद्याचे काम कमी झाले. रँचेरो 1979 मध्ये थांबली, एल कॅमिनो 1987 मध्ये. संग्राहकांच्या नजरेत आज अमेरिकन गाड्यांचे मोल मोठे आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने मला जिलाँगची ती साधी गाडी अधिक महत्त्वाची वाटते.

मग भारतात असे का झाले नाही? शेतीप्रधान देश, दोन गाड्या न परवडणारी बहुसंख्य घरे, धुळीचे रस्ते: यूटला याहून योग्य भूमी कोणती? कारण गिऱ्हाइकाच्या आवडीत शोधून सापडत नाही, ते सरकारी धोरणात आहे. 1949 मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, जे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनीच इथे राहावे, असे ठरले, आणि नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. म्हणजे यूट आणि एल कॅमिनो घडवणारी दोन्ही घराणी त्याच क्षणी आपल्या दारातून बाहेर पडली. उरल्या त्यांत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेली, कुर्ल्याला फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स. सरकारच्या लेखी कार म्हणजे चैन आणि ट्रक म्हणजे गरज. दोहोंचे परवाने वेगळे, कोटे वेगळे. 1970च्या दशकात देशभरातल्या मोटारींचे वार्षिक उत्पादन तीस-चाळीस हजारांच्या घरात घुटमळत होते आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत असे. तयार होईल ती प्रत्येक फियाट आणि अँबेसेडर आधीच विकलेली असताना तिचा मागचा भाग कापून शेतकऱ्यासाठी हौदा बसवण्याची निकड कोणत्या कारखान्याला वाटणार? शिवाय कार पेट्रोलवर चालत होती. 1973च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवर कापूस किंवा संत्रा वाहणे कुणालाच परवडणारे नव्हते.

ही रिकामी जागा जीपने भरली. महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि लष्करासाठी घडलेली ही गाडी वऱ्हाडात तहसीलदाराची, निवडणुकीच्या प्रचाराची आणि शेवटी कास्तकाराची झाली. पुढे महिंद्रांनी तिच्यात प्यूजोचे 2,112 सीसीचे डिझेल इंजिन बसवले तेव्हा ती खऱ्या अर्थाने खेड्याला परवडू लागली. इथे एक धागा मला फार मोलाचा वाटतो. याच प्यूजो घराण्याच्या 404 आणि 504 या गाड्यांच्या पिकअप आवृत्त्यांनी आफ्रिकेतल्या कित्येक देशांची शेतमालाची वाहतूक पेलली. कारपासून झालेल्या पिकअपचे जगातले सर्वांत कष्टाळू उदाहरण तेच. त्या गाडीचे रूप आपल्याकडे आले नाही, पण तिच्या घराण्याचे काळीज आपल्या जीपमध्ये धडधडत होते. जीपच्या जोडीला पुण्याच्या बजाज टेम्पोने तीनचाकी टेम्पो आणि 1969 पासून मॅटाडोर आणली. या गाड्या किती खोल रुजल्या याचा पुरावा भाषेत आहे. महाराष्ट्रभर कोणत्याही लहान मालगाडीला टेम्पो म्हणतात. अमरावती-नागपूरकडे तर मूळ मॅटाडोर रस्त्यावरून नाहीशी होऊन काळ लोटला, तरी कोणत्याही कंपनीच्या मिनी ट्रकला लोक आजही मेटाडोरच म्हणतात. कंपनीचे नाव वस्तूच्या जातीचे नाव बनते, तेव्हा ती वस्तू केवळ विकली गेलेली नसते, लोकांनी ती आपली मानलेली असते.

तरीही जीप काय किंवा मॅटाडोर काय, गिप्सलँडच्या बाईची अट दोघींनीही पुरी केली नव्हती. जीप उघडी आणि कडक. मॅटाडोर म्हणजे डबा. ती अट पुरी करण्याची सुरुवात पुण्यातून झाली. 1980च्या दशकात डीसीएम टोयोटा, आल्विन निस्सान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी अशा चार जपानी भागीदाऱ्या हलक्या मालगाड्यांच्या बाजारात उतरल्या. टाटांच्या टेल्को कंपनीचे सुमंत मुळगावकर यांनी परदेशी भागीदार न घेता त्यांना तोंड द्यायचे ठरवले. 1986 मध्ये पुण्याच्या कारखान्यातून टाटा 407 बाहेर पडली आणि तिने त्या चौघांनाही मागे टाकले. लगोलग 1988 मध्ये आली टाटामोबाइल. या गाडीची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, पण आपल्या मोटारींच्या इतिहासातला सांधा तीच आहे. लांब बोनेट, माणसाला शोभेल अशी बंद केबिन, कारसारखे बसणे, मागे उघडा हौदा आणि डिझेल इंजिन. तोवर टेल्कोने ट्रक, बस आणि त्याआधी रेल्वेची इंजिने बनवली होती. प्रवासी गाडी एकही बनवली नव्हती. टाटामोबाइलच्याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा उभी राहिली, मागच्या बाजूच्या मोठ्या वळणदार काचांची, तीन दारांची. ती टाटांची पहिली प्रवासी गाडी. 1992 मध्ये इस्टेट आली. 1994 मध्ये सुमो आली, जिच्या नावात मुळगावकरांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे आहेत. सुमोने वऱ्हाडातल्या लग्नांच्या वराती आणि पुढाऱ्यांचे ताफे वाहिले, आणि 1998 मध्ये इंडिका येईपर्यंत टाटांचा प्रवासी गाड्यांचा सगळा संसार या एका पिकअपच्या कुळातून वाढला. बँटने कारमधून हौदा काढला होता, पुण्याने हौद्याच्या जागी घर बांधले. जणू बंडीच्या साट्यावर दमणीचे छत चढवले.

मोटारींचा जाणकार इथे लगेच आक्षेप घेईल. कारवर आधारलेली पिकअप ही नेमकी संज्ञा आहे, तो म्हणेल. टाटामोबाइल शिडीसारख्या वेगळ्या चॅसीवर उभी होती, तिला ट्रकच म्हणावे लागते, आणि तिच्यापासून झालेली सिएरा ही ट्रकच्या पायावर बसवलेली कार. मग तिचे यूटशी नाते कसले? आक्षेप वजनदार आहे, पण तो आजची व्याख्या मागे लावतो. 1934 ची फोर्ड यूटही वेगळ्या चॅसीवरच उभी होती, कारण त्या काळातल्या फोर्डच्या सगळ्याच कार तशा होत्या. 1957 ची रँचेरो आणि 1959 ची एल कॅमिनो यांच्याही खाली स्वतंत्र चॅसीच होती. एकसंध पत्र्याची कार हा नियम पुढे झाला. चॅसीवरूनच कूळ ठरवायचे म्हटले तर या प्रकारातल्या सर्वांत लाडक्या गाड्याच पंगतीतून उठवाव्या लागतील. मला निर्णायक वाटते ती गोष्ट वेगळी: एकाच सांगाड्याचा, एकाच इंजिनाचा आणि एकाच केबिनचा उपयोग माल आणि कुटुंब या दोन्हींसाठी करायचा, हा विचार. तो विचार जिलाँग आणि पुणे या दोन्ही ठिकाणी आहे, प्रवासाची दिशा तेवढी उलटी. आणि दिशा उलटी का, तर ज्या देशात कारला चैन ठरवले गेले, तिथे कारकडे जाणारा रस्ता गरजेच्या गाडीतूनच जाऊ शकत होता.

दुसरा आक्षेप अधिक मुळाला हात घालतो. शौक हा रिकामपणाचा धंदा. शेतकऱ्याला पिकअप लागते म्हणून तो घेतो, तिच्यावर प्रेम वगैरे करत नाही, ते शहरातल्या हौशी माणसाचे लाड. वऱ्हाडाविषयी हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. ज्या मुलखात पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्याची मिरवणूक निघते, ज्या जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट पाहायला लांबून माणसे येतात, तिथे कामाची वस्तू आणि जिव्हाळ्याची वस्तू अशी फाळणी कधी झालीच नाही. जो राबतो त्याचेच कौतुक, ही तिथली रीत. मोर्शी-वरुडचा संत्र्याचा व्यवहार पाहिला तर हे राबणे काय असते ते कळते. या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. संत्र्याचे बहार दोन, अंबिया आणि मृग. अंबियाचे फळ पावसाळा सरल्यावर तोडणीला येते, मृगाचे उन्हाळ्याच्या तोंडाशी. पाऊस लांबला तर तोडणीच्या वेळीही बागेतली काळी माती पुरती वाळलेली नसते, पांदण अरुंद असते, आणि दहा चाकी ट्रक बागेच्या धुऱ्यापर्यंत पोचत नाही. फळ नाजूक, एकदा खुडले की थांबायला तयार नसते. बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत किंवा बाजारापर्यंतचा तो पहिला टप्पा जो सांभाळतो, तोच हंगाम सांभाळतो. बंडीनंतर हा टप्पा जीपला जोडलेल्या ट्रॉलीने, मेटाडोरने आणि अखेर पिकअपने सांभाळला. 2005 मध्ये टाटा एस आली, सातशे सीसीच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाची. तिला लोक छोटा हत्ती म्हणू लागले, आणि महिंद्रांची बोलेरो पिकअप तर आज वऱ्हाडातल्या कुठल्याही आठवडी बाजारात दिसते. बोलेरोचे कूळही तपासावे. ती आर्माडाकडून आली, आर्माडा जीपकडून. तिथेही कामाची गाडी आधी आणि घरची गाडी नंतर.

कायद्यानेही हे दुहेरीपण कळत-नकळत मान्य केले आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्यात तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिटची गरज नाही. लहान पिकअपच्या प्रसाराला याचा मोठा हात लागला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो. म्हणजे कार चालवणारा हात आणि पिकअप चालवणारा हात कायद्याच्या नजरेत एकच. आणि 1994च्या दुरुस्तीने मालगाडीच्या विम्यात मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला सामावून घेतले. संत्र्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून बाजारात निघालेला कास्तकार हा त्या कायद्याला माहीत असलेला प्रवासी आहे.

पण इथेच तिसरा आक्षेप उभा राहतो आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. हौद्यात माणसे कोंबून नेली जातात. मजूर शेतात जाताना, वऱ्हाडी लग्नाला जाताना, भाविक यात्रेला जाताना हौद्यात उभे असतात आणि गाडी कलंडली की एका फटक्यात घरेच्या घरे उजाड होतात. 2002 मध्ये आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे मेलेल्याच्या मागे राहिलेल्यांना तीही आशा नाही. या वाहनाची थोरवी गाणाऱ्याने हे मान्य केलेच पाहिजे, आणि मी ते करतो. मात्र हा दोष हौद्याचा म्हणता येत नाही. जिथे एसटीची फेरी पोचत नाही आणि मजुराला दिवसाची मजुरी बुडवता येत नाही, तिथे तो हौद्यात चढतो. अमेरिकेत उलट एक चमत्कारिक प्रसंग घडला. हलक्या ट्रकवर 1960च्या दशकापासून पंचवीस टक्के आयातकर होता. तो चुकवण्यासाठी जपानच्या सुबारू कंपनीने 1978 मध्ये आपल्या ब्रॅट नावाच्या लहान पिकअपच्या हौद्यात पाठमोऱ्या दोन खुर्च्याच बसवल्या, म्हणजे ती प्रवासी गाडी ठरावी. तिथे कर वाचवण्यासाठी माणसे हौद्यात बसवली गेली, इथे दिवस वाचवण्यासाठी ती बसतात. खुल्या हौद्यात माणूस दोन्हीकडे असुरक्षितच. यूटचा मूळ विचार तर याच्या नेमका विरुद्ध होता: माणूस छताखाली, माल उघड्यावर. तो विचार पाळला जात नाही तिथे वाहनाला नाकारण्यापेक्षा त्या विचाराकडे परत जावे.

कारपासून झालेली पिकअप जगातून संपली, म्हणजे ती मुळातच फसलेली कल्पना होती, असेही कुणी म्हणेल. ऑस्ट्रेलियात फोर्ड फाल्कनची यूट 2016 मध्ये बंद पडली आणि होल्डनचा कारखाना 2017 मध्ये. पण तिथे तर कार बनवण्याचा उद्योगच आटोपला, त्यात यूटही गेली. कल्पना फसली की नाही हे पाहायचे तर ब्राझीलकडे पाहावे, आणि मोर्शीच्या माणसाने ते मुद्दाम पाहावे, कारण संत्र्याच्या रसाच्या व्यापारात ब्राझील जगात पहिला आहे. तिथे फियाटने 1970च्या दशकात आपल्या लहान 147 कारची पिकअप काढली, तिच्या वारसदारांतली स्ट्राडा आजही बनते, आणि 2021 मध्ये ती त्या देशातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली. सगळ्या कार, सगळे ट्रक मागे टाकून. कुर्ल्यात जी फियाट बनत होती तिच्याच घराण्याने दुसऱ्या एका शेतकरी देशात काय केले, हे पाहिले की आपल्याकडच्या परवान्यांनी कोणती वाट बंद केली ते ध्यानात येते.

म्हणून जुन्या पिकअपचे जतन हा मला पुराव्याच्या जतनाचा प्रश्न वाटतो, आणि तिथे आपली व्यवस्था तोकडी पडते. 2021 मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ रूपात राखलेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्याला नंबरात व्हीए ही खास अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. नियम चांगला आहे. पण तो दुचाकींना आणि चारचाकींपैकी फक्त प्रवासी गाड्यांना लागू आहे. मालवाहू वर्ग त्यात नाही. टाटामोबाइल मालवाहू म्हणून नोंदलेली. तिला आठ वर्षांनंतर दरवर्षी तंदुरुस्तीची तपासणी, आणि ती पास झाली नाही की भंगाराचा रस्ता. बहुतेक टाटामोबाइल त्या रस्त्याने गेल्या असणार. ज्या कुठे गोठ्याच्या आडोशाला कडब्याखाली उभ्या असतील, त्यांच्या मालकांना त्या पत्र्याच्या भावाने विकण्यावाचून पर्याय दिसत नसेल. तिच्या लेकीचे मात्र बरे चालले आहे. टाटांनी 2025 मध्ये सिएरा हे नाव नव्या गाडीला देऊन पुन्हा बाजारात आणले, आणि 1991 ची मूळ सिएरा प्रवासी गाडी असल्यामुळे 2041 मध्ये व्हीएची पाटी मागू शकेल. तिच्या तीन वर्षे आधी, 2038 मध्ये, पहिल्या टाटामोबाइलला पन्नास वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी एखादी टाटामोबाइल शाबूत असली आणि तिचा मालक अमरावतीच्या परिवहन कार्यालयात अर्ज घेऊन गेला, तर आजच्या नियमाप्रमाणे त्या अर्जात तिच्यासाठी रकाना नाही.